गाडीची चाल की गाडीचा वेग?

गुहागर तालुक्यातील एका पालक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या नववीतल्या मुलाला गणित होते की एसटी दीड तासात ६० किलोमीटर गेली, तर काय उत्तर येईल. त्याने ‘एसटीचा वेग ताशी ४० किमी’ असे लिहिले. शिक्षकांनी ‘वेग’ खोडून त्या जागी ‘चाल’ लिहिले आणि अर्धा गुण कापला. घरीदारी, बातम्यांत, रस्त्यावरच्या फलकांवर सगळीकडे वेगच म्हटले जात असताना ‘एसटीची चाल’ हा प्रयोग मराठी आहे तरी का, दोन्हींत फरक तो कोणता, आणि मग ‘गती’ कशाला म्हणायचे, अशी त्यांची पृच्छा आहे.

शास्त्राच्या उत्तरपत्रिकेत शिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे. बोलण्यात आणि सर्वसाधारण लेखनात मुलाचे म्हणणे बरोबर आहे. ही दोन विधाने एकमेकांना छेद देत नाहीत, कारण पाठ्यपुस्तकाने भाषेतले तीन जुने, एकमेकांच्या अंगणात सहज ये-जा करणारे शब्द घेतले आणि प्रत्येकाला एकेक खोली नेमून दिली. वस्तूची जागा बदलण्याची क्रिया ती गती. ठरावीक वेळात किती अंतर कापले ते सांगणारी राशी ती चाल. आणि ठरावीक वेळात कोणत्या दिशेने किती विस्थापन, म्हणजे सरळ रेषेतले अंतर, झाले ते सांगणारी राशी तो वेग. चाल ही अदिश राशी, म्हणजे तिला नुसता आकडा पुरतो. वेग ही सदिश राशी, म्हणजे आकड्याबरोबर दिशाही सांगावी लागते. मुलाच्या गणितात दिशेचा उल्लेख कोठेच नव्हता, म्हणून तेथे चाल.

ही वाटणी शास्त्राच्या सोयीसाठी झालेली आहे, शब्दांच्या पोटात ती पहिल्यापासून नव्हती, हे मात्र मुलांना सांगितले गेले पाहिजे. ‘गती’ हाच शब्द पाहावा. संस्कृतातील गम् म्हणजे जाणे या धातूपासून तो आला. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची गती म्हणजे तो एका दिवसात किती सरकतो ते मान, आणि क्षणापुरती जी असते ती तात्कालिक गती. आजच्या पाठ्यपुस्तकाच्या परिभाषेत हे मान गतीचे नसून चालीच्या किंवा वेगाच्या जवळचे आहे. तोच अर्थ आजही रस्त्यावर जिवंत आहे : ज्या महामार्गावर ‘वेगमर्यादा’ लिहिलेली असते त्याच महामार्गावर पुढे ‘गतिरोधक’ येतो, आणि मुंबई-पुण्याच्या रस्त्याला आपण ‘द्रुतगती मार्ग’ म्हणतो. गतिरोधक गती मुळातून रोखत नाही, ती कमी करायला लावतो. तेव्हा तेथे गती म्हणजे वेगच. (गती हा शब्द एकटा असताना दीर्घ आणि समासात पहिला असताना ऱ्हस्व लिहायचा, म्हणून गती पण गतिरोधक, गतिमान.) शिवाय ‘मला गणितात गती नाही’, ‘सद्गती’, ‘अगतिक’ हे प्रयोग आहेतच. इतके सारे वाहणाऱ्या शब्दाला शास्त्राने ‘हालचाल’ एवढाच एक अर्थ ठेवला, हे मला योग्य वाटते, कारण न्यूटनच्या गतिविषयक नियमांत नेमका तोच अर्थ अभिप्रेत आहे.

वेगाची गोष्ट अधिक रसाळ आहे. विज् या धातूत थरथरणे, झपाट्याने हलणे हा भाव आहे. उद्वेग, आवेग हे त्याच घरचे शब्द. आयुर्वेदात शरीराचे जे वेग अडवू नयेत असे सांगितले आहे, त्यांतही हाच आतून रेटणारा जोर आहे. पण या चर्चेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वापर वैशेषिक दर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाच्या एका शाखेत, सापडतो. तेथे ‘संस्कार’ नावाच्या गुणाचे तीन प्रकार सांगितले आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. यांतला तिसरा शब्द ‘स्थितिस्थापकता’ या रूपाने आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात आला, हेही ध्यानात यावे. या दर्शनाचे प्राचीन भाष्यकार प्रशस्तपाद यांनी वेगाचे वर्णन करताना ‘नियतदिक्’ हा शब्द वापरला आहे. ठरलेल्या दिशेने क्रियेची मालिका चालू ठेवणारा तो वेग, असा त्याचा आशय. वैशेषिकांचा वेग हे गतीचे कारण आहे, आजचा वेग हे गतीचे मान आहे, त्यामुळे दोन्ही एकच आहेत असे म्हणणे चूक ठरेल. तरीही दिशेची अट या शब्दाला इतक्या जुन्या काळी चिकटलेली होती, हे पाहिले म्हणजे सदिश राशीसाठी ‘वेग’ निवडणे हा निर्णय मला फार सुरेख वाटतो.

चालीबद्दल तसे म्हणता येत नाही. हिंदीतही पाठ्यपुस्तकात चाल आणि वेग अशीच जोडी आहे, आणि हिंदीभाषकाला ‘गाड़ी की चाल’ खटकत नसावी. मराठीत मात्र चाल ही ज्याला पाय आहेत त्याची : हत्तीची चाल, नवरीची चाल. त्यापलीकडे गाण्याची चाल, बुद्धिबळातली चाल, शत्रूवर चाल करून जाणे, घराण्याची चालरीत, असे तिचे अर्थ पसरलेले आहेत, आणि त्यांत ‘किती जलद’ हा अर्थ असलाच तर कोपऱ्यात आहे. ‘बैलाची चाल मंद आहे’ असे आपण म्हणतो, पण ‘वाऱ्याची चाल’ कानाला बोचते आणि ‘प्रकाशाची चाल’ तर कोणी म्हणतच नाही. सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर हा नुसता आकडा असूनही तो मराठीत ‘प्रकाशाचा वेग’ म्हणूनच रूढ आहे. तेव्हा प्रश्नकर्त्या भगिनींना जे खटकले ते खटकण्यासारखेच आहे. शब्द नवा घडवला असता तर बरे झाले असते की काय, हा वेगळा वाद आहे. दोन अर्थांना दोन शब्द हवेत याविषयी मात्र वाद नाही, आणि ते का हवेत हे आपल्या खाडीवर जितके चांगले कळते तितके फळ्यावर कळत नाही.

फेरीबोटी येण्यापूर्वी खाडी ओलांडायची ती तरीने, म्हणजे वल्ह्यांच्या होडीने. हिशेबाला सोपे म्हणून असे धरू, की तरीवाला होडी पाण्यात ताशी ४ किलोमीटर वल्हवतो आणि ओहोटीचे पाणी ताशी ३ किलोमीटरने समुद्राकडे ओढ घेते आहे. होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, त्याने समोरच्या धक्क्यावर रोखून धरली, तर होडी धक्क्याला लागणार नाही; ती तिरकी जाऊन खालच्या अंगाला, समुद्राच्या बाजूला लागेल. काठावरून पाहणाऱ्याला ती ताशी किती जाताना दिसेल? चार आणि तीन मिळून सात नव्हे, तर पाच, कारण चार आणि तीन या काटकोनातल्या बाजू आहेत आणि पाच हा कर्ण. आता धक्क्यालाच लागायचे असेल तर तरीवाला नाळ ओढीच्या उलट, वरच्या अंगाला तिरकी धरतो. त्याचे वल्हवणे तेच, श्रम तेच, पण पलीकडे सरकण्याचा वेग ताशी सुमारे २.६ किलोमीटरवर येतो. तरीवाल्याने पायथागोरसचे नाव ऐकलेले नसेल, पण नाळ किती तिरकी धरायची हे त्याच्या हाताला ठाऊक असते. येथे चार हा आकडा कधीच बदलला नाही. बदलली ती दिशा. आकडा तोच राहून दिशेमुळे परिणाम बदलतो, म्हणून आकड्याचे नाव वेगळे आणि दिशेसकट आकड्याचे नाव वेगळे.

वाऱ्याच्या बाबतीत तर दर्यावर्दी माणसाने ही अडचण फार पूर्वीच सोडवून ठेवली आहे. रात्री उतरत्या प्रहरी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा तो मतलई, दुपारी समुद्राकडून जमिनीवर येणारा तो खारा वारा. शिडाची होडी मतलईवर बाहेर पडायची आणि खाऱ्या वाऱ्यावर परतायची. नावातच दिशा आहे, म्हणजे या शब्दांना सदिश म्हणायला हरकत नाही. उलट बातम्यांत दिशेचे भान सुटले की घोटाळा होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा ‘वादळाचा वेग’ ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक असल्याचे जो तो सांगत होता. तो आकडा वादळाच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या वाऱ्याचा होता; केंद्र स्वतः किनाऱ्याकडे त्याहून कितीतरी सावकाश सरकत होते. ‘वादळातील वाऱ्याचा वेग’ आणि ‘वादळाच्या सरकण्याचा वेग’ असे स्पष्ट म्हटले असते, तर वादळ कधी पोहोचणार याचा अंदाज बांधताना लोकांची गफलत झाली नसती.

वेगाच्या व्याख्येत ‘विस्थापन’ आले, त्याविषयी थोडेसे. धरण किंवा प्रकल्प झालेल्या गावांत या शब्दाला घर सुटण्याचे दुःख चिकटलेले असते. भौतिकशास्त्रात तो निघालेल्या ठिकाणापासून पोहोचलेल्या ठिकाणापर्यंतचे सरळ रेषेतले, दिशेसह अंतर एवढेच सांगतो. दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला फेरीबोटीने थोड्याच मिनिटांत जाता येते, आणि खेड-चिपळूणवरून वळसा घालून रस्त्याने गेले तर शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. विस्थापन दोन्ही वेळा तेच. पहाटे निघून संध्याकाळी त्याच बंदरात परतलेल्या मच्छीमार बोटीचे दिवसाचे विस्थापन शून्य असते, म्हणून तिचा सरासरी वेगही शून्य; डिझेल मात्र कापलेल्या अंतराप्रमाणे जळलेले असते. येथे ‘सरासरी चाल’ हा शब्द हाताशी नसेल, तर बोट दिवसभर हललीच नाही असे म्हणण्याची पाळी येईल.

‘त्वरण’ या शब्दानेही मुले फसतात, कारण त्यात त्वरा दिसते आणि त्वरण म्हणजे वेग वाढणे एवढेच मनात बसते. वेग कोणत्याही रीतीने बदलला तरी त्वरण होते : वाढला तरी, ब्रेक लावून कमी केला तरी, आणि आकडा तसाच राहून नुसती दिशा बदलली तरी. परशुराम घाटाच्या वळणावर चालकाने काटा ताशी तीसवर स्थिर ठेवला असला, तरी खिडकीशी बसलेला माणूस बाहेरच्या अंगाला रेलतो, हे त्या तिसऱ्या प्रकाराचे लक्षण आहे. चाल बदललेली नाही, वेग बदललेला आहे. सरळ रेषेतल्या त्वरणासाठी वीसेक मीटर उंचीच्या माडावरून पाडेल्याने सोडलेला नारळ पुरेसा आहे. पहिल्या सेकंदात तो ४.९ मीटर उतरतो, दुसऱ्या सेकंदात १४.७ मीटर, आणि जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे १९.६ मीटर, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटर झालेला असतो. पुस्तकात हे ‘९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग’ असे वाचले जाते आणि ‘सेकंदाचा वर्ग’ म्हणजे काय या विचाराने मूल गोंधळते. मराठीत सांगावे ते असे : दर सेकंदाला त्याचा वेग सेकंदी ९.८ मीटरने वाढतो. यात सेकंद दोनदा का येतो हे वाक्यच उलगडून देते.

‘ताशी’, ‘सेकंदी’, ‘दरडोई’ ही आपली घडण ‘प्रति’पेक्षा सुटसुटीत आहे, ती वापरावी, पण जपून. बोटींच्या बातम्यांत ‘ताशी २० नॉट’ असे हमखास वाचायला मिळते आणि ते चूक आहे. नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. तास त्या शब्दात आधीच मोजलेला आहे. पूर्वी जहाजावरून गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडत, दोन गाठींत ४७ फूट ३ इंच अंतर असे, आणि २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात जितक्या गाठी हातातून सरकत तितके नॉट. ‘बोट २० नॉट वेगाने’ एवढे पुरते. खोली मोजताना मात्र आपले कोळी बांधव ‘वाव’ हे माप बिनचूक वापरतात : दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी, चार हात, म्हणजे सुमारे सहा फूट, संस्कृतातला ‘व्याम’ तो हाच. दहा वाव पाणी म्हटले की सुमारे १८ मीटर समजावे.

आता मुलाच्या उत्तरपत्रिकेकडे. प्रश्नात दिशा दिली नसेल आणि ‘किती जलद’ एवढेच विचारले असेल, तर त्याने ‘सरासरी चाल ४० किमी/तास’ लिहावे. एसटी दीड तास सारख्याच चालीने गेली असे गणितात म्हटलेले नसल्याने ‘सरासरी’ हा शब्दही गाळू नये. ‘वेग’ विचारला असेल तर विस्थापन आणि दिशा शोधून ‘उत्तरेकडे’, ‘पूर्वेकडे’ असे लिहावे. घरी येऊन ‘एसटी आज फार वेगात होती’ असे तो म्हणाला, तर त्याला कोणीही दुरुस्त करू नये.