आठवीतल्या लेकरासाठी एकर विकायला निघालात?

प्रश्न : माझी मुलगी गंगाखेड तालुक्यात आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत आठवीला आहे. सातवीला ७१ टक्के होते. यंदा पायाभूत चाचणीत गणितात निम्मेच मार्क पडले. जाणीव व्हावी म्हणून आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. तिला डॉक्टर करायचं आहे. दिवाळीनंतर लातूरला सीबीएसई शाळेत टाकून फाउंडेशन क्लास लावावा, मंडळीनं खोली करून सोबत राहावं आणि खर्चाला एक एकर विकावं असं ठरतंय. डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा सीबीएसईवरच असते, मग उशीर कशाला करायचा? – एक शेतकरी पालक

भाऊ, गणिताच्या मार्कांपेक्षा तुमचे ते ‘आठ दिवस बोललो नाही’ मला जास्त खटकले.

पायाभूत चाचणी कशासाठी असते ते आधी समजून घ्या. ती वर्षाच्या सुरुवातीला होते आणि प्रश्न असतात मागच्या इयत्तेचे. सातवीचे काय पक्के आहे आणि काय निसटले आहे हे गुरुजींना कळावे, एवढ्यासाठी ती घेतात. पास-नापासाशी तिचा संबंध नाही. माती परीक्षणात नत्र कमी निघाले म्हणून कुणी रानावर रुसून बसत नाही. अबोल्याने एकच होईल, पुढचा पेपर ती दाखवणार नाही. दप्तराच्या आतल्या कप्प्यात पेपर घालायला लेकरे फार लवकर शिकतात, आणि मग वर्गात अडलेले विचारणेही थांबते.

त्यापेक्षा तो पेपर शाळेतून बघायला मागा आणि तिच्याच शेजारी बसून चुकलेली गणिते तीन भागांत लावा : आकडेमोड चुकली, उदाहरण वाचून कळलेच नाही, रीतच माहीत नाही. सातवीत पूर्णांकांचा गुणाकार-भागाकार असतो. उणे बाराला उणे चारने भागले की उत्तर अधिक तीन येते, की उणे तीन? इथे गोंधळ असेल तर आठवीतले बैजिक राशींचे अवयव तिला कुठल्याही शहरात जड जाणार. हे दुरुस्त करायला रोज अर्धा तास आणि महिना-दीड महिना लागतो. एकर लागत नाही.

आणखी एक. तुम्ही लिहिले आहे, ‘तिला डॉक्टर करायचं आहे’. ‘तिला डॉक्टर व्हायचं आहे’ असे पत्रात कुठेच नाही. तेरा वर्षांच्या मुलीला ठाम उत्तर नसेलही, पण निदान विचारा तरी.

आता सीबीएसईचे. हा समज मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत पक्का बसलेला आहे. नीटचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा असतो. आठवी, नववी, दहावी कुठल्या बोर्डातून केली याला परीक्षेत काही किंमत नाही, आणि नीटला लागणारी एनसीईआरटीची (केंद्राच्या पाठ्यपुस्तक संस्थेची) अकरावी-बारावीची पुस्तके कुठल्याही बोर्डाचे पोर वाचू शकते. लातूरचे नाव झाले तेही अकरावी-बारावीच्या शिकवण्यावर. मराठी माध्यमाच्या मुलांची खरी अडचण वेगळीच असते. अकरावी सायन्स इंग्रजीत सुरू होते आणि पहिले चार-सहा महिने नुसते शब्द कळण्यात जातात. त्याची तयारी आतापासून घरी, फुकटात होते. बालभारतीच्या संकेतस्थळावरून आठवीच्या विज्ञानाचे इंग्रजी माध्यमाचे पुस्तक उतरवून घ्या. ‘पेशी व पेशीअंगके’ हा धडा तिने मराठीत वाचला की तोच इंग्रजीत काढायचा, आकृत्या त्याच असतात. वहीत दोन रकाने करायचे : तंतुकणिका म्हणजे मायटोकाँड्रिया, रिक्तिका म्हणजे व्हॅक्युओल. आठवड्याला वीस शब्द झाले तरी दहावीपर्यंत इंग्रजीची भीती बरीचशी जाते.

आणि आत्ता शाळा बदलली तर तोटा काय होईल, ते कुणी तुम्हाला सांगितलेले दिसत नाही. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. शाळेत तिला एनएमएमएस म्हणतात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. अटी : पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीला किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५०), आणि शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित. उत्पन्न मर्यादेत असेल तर तुमची मुलगी आज तिन्हींत बसते. खासगी विनाअनुदानित सीबीएसई शाळेत नाव घातले की त्याच दिवशी बाद. परीक्षेत बौद्धिक क्षमतेचे ९० आणि शालेय क्षमतेचे ९० प्रश्न असतात. शालेयमध्ये विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित फक्त २०. ज्या गणितापायी तुम्ही अबोला धरलात, त्याचे वजन १८० पैकी एवढेच. राज्याचा कोटा ११,६८२ शिष्यवृत्त्यांचा आहे, त्यामुळे निवडीची हमी कुणी देऊ शकत नाही. पण फॉर्म न भरण्याइतके वेडेपण दुसरे नाही.

फॉर्म मुख्याध्यापक भरतात, परीक्षा साधारण डिसेंबरात होते. उद्याच शाळेत जाऊन विचारा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. निवड झाल्यावरही पैसे अडकतात ते दोन ठिकाणी : आधारवरचे नाव आणि शाळेतले नाव जुळत नाही, किंवा राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षीचा अर्ज राहून जातो. खाते तिच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले हवे. नववीला दुसऱ्या शाळेत जावे लागले तर ‘अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित?’ हे आधी विचारायचे, इमारत नंतर बघायची. दहावीला ६० टक्के पडले तरच अकरावी-बारावीचे पैसे चालू राहतात, अनुसूचित जाती-जमातींना थोडी सूट आहे.

नीटबद्दल एका ओळीत : १८० प्रश्न, ७२० गुण, निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. बाकीचे दहावीनंतर बोलू. तेव्हाही कॉलेजात नुसते नाव घालून क्लासला बसवायच्या फंदात पडू नका, बारावीला ७५ टक्के हजेरी लागते.

एकराबद्दल काही लिहिणार नव्हतो, रान तुमचे आहे. पण ‘तुझ्यासाठी रान विकलं’ हे वाक्य घरात एकदा उच्चारले गेले की नीटला दोन मार्क कमी पडलेली पोरगी गावाकडे फोन करायला घाबरते. इसार घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल तर इसारपावतीत परतीची मुदत काय लिहिली आहे ते आज संध्याकाळी बघा.