बॅनशी, हडळ आणि ‘सिधे’

प्रश्न : आयर्लंडमध्ये घडणाऱ्या एका पॅरानॉर्मल रहस्यमालेचा अनुवाद चालू आहे. ‘बॅनशी’ला हडळ म्हणावे का? आणि नायिकेचा प्रियकर ज्या गूढ जमातीतला आहे, त्या ‘सिधें’चा उच्चार बरोबर आहे ना?

उत्तर : ‘सिधे’ (sidhe) नव्हे, ‘शी’! आयरिशमध्ये इ-ए या स्वरांना लागून आलेल्या स-चा श होतो. शॉन हे नाव रोमन लिपीत कसे लिहितात ते बघा : Seán. शेवटचा ‘ध’ तर कधीच मुका झाला होता, म्हणून विसाव्या शतकातल्या लेखनसुधारणेत तो गाळूनही टाकला. तरी आपल्याकडे ‘सिधे’, ‘सिढी’ चालूच.

हडळ म्हणजे मेलेल्या बाईचे भूत. ती माणसाला धरते. बॅनशी कुणाला धरत नाही की मारत नाही. ठरावीक जुन्या घराण्यांत, म्हणजे ‘ओ’ आणि ‘मॅक’ने सुरू होणाऱ्या आडनावांच्या लोकांत, कुणाचे मरण जवळ आले की ती आधी आक्रोश करते, एवढेच. तिला खुनी ठरवणाऱ्या रहस्यकथेचा पायाच कच्चा.

आता मजा बघा. बॅनशी म्हणजे ब्यान अधिक शी, टेकाडातली बाई. ‘शी’ हे मातीदगडाचे प्राचीन ढिगारे, अतिमानवी लोकांची घरे. त्यांत बॉइन नदीकाठचे न्यूग्रेंज प्रसिद्ध : इ.स.पू. ३२००च्या सुमाराचे, आत १९ मीटरचा बोळ, आणि वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी सूर्योदयाचा किरण थेट गाभ्यापर्यंत. पुराणकथांत हे प्रेमदेव एंगसचे घर. या ‘शी’चा धातू बसण्याचा, म्हणजे आपला सद्! सदन, सभासद, उपनिषद ही सगळी त्याची भावंडे. आणि ब्यान? आपल्याकडच्या काही ग-ज यांच्या जागी आयरिशमध्ये ब येतो : आपली गो, त्यांची बो. त्याच हिशोबाने ब्यान म्हणजे वेदातली ग्ना, देवपत्नी. बॅनशी म्हणजे सदनातली ग्ना, आणि तिला तुम्ही हडळ करणार! (बॉइनचे जुने नाव ‘बोविंद’ वाचून गोविंदाशी नाते जोडणारे भेटतात. तिकडचा विंद म्हणजे पांढरा. सोडा ते.)

जुन्या आयरिशमध्ये ‘शी’ याच शब्दाचा दुसरा अर्थ शांतता. कोशकारांनी दोन वेगळ्या नोंदी करून हात झटकले आहेत. मला ते साफ अमान्य आहे. आयरिश साहित्याचे अभ्यासक टोमास ओ काहासी यांनी १९७०च्या दशकात दोन्ही अर्थांचे नाते उलगडून दाखवले. त्यानंतरही वेगळ्या नोंदींना चिकटून राहणे हा निव्वळ आळस. आणि पुरावा हवा तर आठव्या शतकाच्या सुमाराची राजपुत्र कॉन्लाची कथा आहेच. त्यात परलोकीची स्त्री राजपुत्राला सांगते, आम्ही मोठ्या ‘शी’त राहतो म्हणून आम्हांला ‘शी’चे लोक म्हणतात. ती शांतता म्हणते की टेकाड? दोन्ही! पुढे ती त्याला एक सफरचंद देते. महिनाभर तो तेवढेच खातो, तरी ते कमी होत नाही; शेवटी राज्य सोडून तो तिच्याबरोबर स्फटिकाच्या नावेतून निघून जातो. आजच्या पॅरानॉर्मल प्रेमकथांचे बीज इथे आहे, रक्तपिपासू प्रेयसीत नाही. प्रियकराचा जीव शोषणारी ती ‘लनान शी’ तर आयरिश कवी येट्सच्या १८८८च्या लोककथासंग्रहामुळे गाजली.

हां, तुमचा प्रियकर. नुसते ‘शी’ लिहिलेत तर ‘तो शी आहे’ वाचून मराठी वाचक नाक मुरडेल. म्हणून ‘ईस शी’ (‘शी’चे लोक) हे पूर्ण नाव वापरा, आणि बॅनशीला बॅनशीच राहू द्या.