लागतील कधीतर

प्रिय ताई,

मी बीड जिल्ह्यातली. आईबाबा ऊसतोडीला जातात. मी आजीपाशी आणि पुढे वसतिगृहात राहून शिकले, आता पुण्यात एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्य) शेवटच्या वर्षाला आहे. दहा वर्षांपूर्वी, मी सातवीत असताना आईची गर्भाची पिशवी काढली. ती तेव्हा एकतीस वर्षांची होती. पाळीत फार रक्त जायचं, खाडा पडायचा. डॉक्टर म्हणाले, ठेवली तर कॅन्सर होईल. ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडून उचलले. दिवाळीनंतर आमच्याकडे ‘प्रजनन न्याय’ या विषयावर परिषद आहे. सर म्हणतात, तू आईची गोष्ट मांड. भाऊ म्हणतो, आईचं असलं चारचौघांत काढलंस तर घरी येऊ नकोस. त्यात माझं लग्न ठरत आलंय आणि मुलाकडच्यांना बाबा शेतकरी आहेत एवढंच सांगितलंय. मी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चळवळीवर खूप वाचलंय, गप्प बसणं मला पटत नाही. परवा भावाशी भांडण झालं तेव्हा आई अंगणात घटाच्या आधी धुतलेल्या वाकळा वाळत घालत होती. शेजारी दवाखान्याचे जुने कागद पसरले होते, उडू नयेत म्हणून वर वरवंटा. दर वर्षी घालते. तिला वाचता येत नाही. मी म्हटलं, टाक की आता ते, तर म्हणाली, ‘राहू दे, लागतील कधीतर.’ असो. ताई, मी बोलू की नको?

– एक लेक, पुणे

मुली,

तुझ्या पत्रातल्या त्या ‘असो’पाशी मी अडले. सर, भाऊ, होणारी सासरची माणसं यांच्यावर तू पानभर लिहिलंस आणि आईच्या तोंडचं एकुलतं एक वाक्य ‘असो’ म्हणून बाजूला सारलंस. मी त्या वाक्याबद्दलच बोलणार आहे.

ज्या बाईला अक्षर ओळखता येत नाही, ती दहा वर्षं कागद जपते आहे. तुमचं घर वर्षातले पाच-सहा महिने कुलपात असतं. पावसाळ्यात पत्रा गळतो, कसर लागते, उंदीर असतात. अशा घरात दहा वर्षं कागद आपोआप टिकत नाहीत. दर वर्षी कुणीतरी ते पेटीतून काढावे लागतात, एकेक सुटा करून उन्हात ठेवावा लागतो, वर वजन ठेवावं लागतं आणि ऊन उतरायच्या आत परत घडी घालून आत ठेवावे लागतात. तुझ्या आईने हे दहा वेळा केलंय. आणि तू, बीएपासून इंग्रजी पुस्तकं वाचणारी तिची मुलगी, तिला म्हणालीस, टाक की आता.

मला राग आला, आणि तो लपवायचा नाही. तू ते कागद एकदाही वाचलेले नाहीत. वाचले असतेस तर पत्रात लिहिलं असतंस.

आता एक गोष्ट लक्षात घे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांवर दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं सांभाळायचं बंधन आहे. त्या मुदतीत रुग्णाने मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात. तुझ्या आईच्या ऑपरेशनला दहा वर्षं झाली. त्या दवाखान्यात आज काही शिल्लक असेल असं समजू नकोस. तिच्या पोटातून काय काढलं, का काढलं, कुणाच्या सहीने काढलं, हे बहुधा आता फक्त त्या वरवंट्याखाली आहे. तिला हा नियम कुणी सांगितला नसणार. तरी तिने कागद टाकले नाहीत.

ज्या चळवळीचं तू वाचलंयस तिच्याकडेच वळू. १९९४ साली शिकागोत बारा कृष्णवर्णीय स्त्रिया एकत्र बसल्या आणि त्यांनी प्रजनन न्याय हा शब्द घडवला. गर्भपात करू द्या एवढीच मागणी आम्हाला पुरत नाही, असं त्या म्हणाल्या. मूल नको असेल तर न होऊ देण्याचा हक्क हवा, हवं असेल तर होऊ देण्याचा हवा, आणि झालेलं मूल धडपणे वाढवता येईल असं जगणंही हवं. दुसऱ्या अर्ध्या भागावर त्यांचा जोर होता, कारण त्यांच्या आया-मावश्यांच्या पिशव्या त्यांना न विचारता काढल्या गेल्या होत्या.

त्या आया-मावश्यांतली एक फॅनी लू हेमर. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यात राबणारी, सहा वर्षांची असल्यापासून कापूस वेचणारी. १९६१ साली ती पोटातली लहानशी गाठ काढायला दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी गाठीसोबत पिशवीच काढली, तिला न विचारता आणि न सांगता. हे तिला कळलं ते मागाहून, दुसऱ्यांच्या बोलण्यातून. तिकडे हे इतकं सर्रास चालायचं की त्याला ‘मिसिसिपी अपेंडिक्सचं ऑपरेशन’ असं नावच पडलं होतं. १९६४ साली वॉशिंग्टनमध्ये ती लोकांपुढे उभी राहिली आणि आपल्यावर काय गुदरलं ते तिने सांगितलं. आमच्याकडच्या दवाखान्यात गेलेल्या दहा कृष्णवर्णीय बायकांतल्या साधारण सहाजणींची नसबंदी होते, असंही सांगितलं. ते तिने स्वतः सांगितलं. तिची गोष्ट दुसऱ्या कुणी परिषदेत वाचून दाखवली नाही.

तिचा कापूस, तुझ्या आईचा ऊस. हे साम्य तुला माझ्याआधी दिसलं असणार, म्हणून तर तुला बोलावंसं वाटतं. पण तुझ्या घरात काय चाललंय ते बघ. सर म्हणतात मांड, भाऊ म्हणतो मांडू नको, तू मला विचारतेस मांडू का. आईच्या शरीराबद्दल तिघं बोलताहेत आणि ती अंगणात वाकळा वाळत घालते आहे. दहा वर्षांपूर्वीही असंच झालं असणार. डॉक्टर बोलले, मुकादमाने पैशाचं बोलून घेतलं, बाबांनी मान डोलावली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, दोघांपैकी एकाचा खाडा पडला की दंड. फडात पाण्याची सोय नाही, आडोसा नाही, कोपीत संडास नाही. तिथे महिन्याचे चार दिवस कसे निघतात ते तुला मी सांगायला नको. त्या हिशेबात पिशवी ही अडचण ठरली. तिचं मत कुणी विचारलं होतं का, हे तुलाही ठाऊक नाही.

माझी पिशवी मी सत्तेचाळिसाव्या वर्षी काढली. पुण्यात, चांगल्या डॉक्टरीणबाईंकडे. आधी त्यांनी सहा महिने गोळ्या देऊन पाहिलं, मग आतला तुकडा तपासायला पाठवला, मग मला आणि माझ्या नवऱ्याला समोर बसवून चित्र काढून दाखवलं. अंडाशय ठेवायचे की नाही हे तीनदा विचारलं. घरी जाऊन विचार करा म्हणाल्या. मला तेव्हा तो उशीर वाटला होता. तुझं पत्र वाचताना ते सहा महिने डोळ्यांसमोर आले. तुझ्या आईला ते का मिळाले नाहीत, याचा विचार मी दोन दिवस करते आहे.

कागदांत काय शोधायचं ते सांगते. सोनोग्राफीचा रिपोर्ट आहे का, आणि त्यात गाठ किंवा सूज असं काही लिहिलंय का. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का, पाठवली असेल तर त्या रिपोर्टात काय आलं. संमतीच्या कागदावर अंगठा कुणाचा आहे, तिचा की बाबांचा. आणि डिस्चार्ज कार्डवर ऑपरेशनच्या नावापुढे ‘बीएसओ’ अशी अक्षरं आहेत का ते नीट बघ. असतील तर पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही गेले. मग एकतिसाव्या वर्षी ती रात्रीत म्हातारी झाली असं समज. अंगातून वाफा निघणं, झोप न लागणं, हाडं दुखणं, यातलं काही ती सांगत आली असेल आणि तुम्ही ते कामाचं दुखणं समजला असाल. ती आज एकेचाळीस वर्षांची आहे. हाडं तपासता येतात, औषध देता येतं. ते कागद घेऊन तिला सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभागात ने.

असंही निघेल की ऑपरेशन खरंच गरजेचं होतं. निघू दे. तेही तिला कळायला हवं. आपल्याला फसवलं की वाचवलं, हे माहीत नसताना तिने दहा हंगाम कोयता धरलाय.

आकडे तुझ्या हाताशी असतीलच. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहाजणींत एक. त्या सुमारास देशभरात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. हे आकडे भाषणात घाल, जरूर घाल. पण आधी आईला विचार, ‘तेव्हा आपल्या तांड्यावर, वस्तीवर कुणी फॉर्म घेऊन आलं होतं का, आणि तू काय सांगितलंस?’ त्या १३,८६१ मध्ये ती आहे की मोजायची राहून गेली, हे तुला माहीत नाही. तिला माहीत असेल. त्याच सुमारास बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली, ती बायका बोलल्या म्हणून. फॉर्म भरणाऱ्यांसमोर, पत्रकारांसमोर, स्वतःच्या तोंडाने बोलल्या.

लग्नाचं विचारलंस. बाबा ऊस तोडतात हे मुलाला आजच सांग, फोन करून. परिषदेसाठी थांबू नकोस. ज्या घरात बापाचं काम लपवून जावं लागतं तिथे तू नांदू शकणार नाहीस, हे तुझ्या पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसतंय. भावाची मला फारशी काळजी वाटत नाही. तो आईच्या अब्रूला जपतोय असं त्याला वाटतंय. त्याला कागद वाचायला शेजारी बसव.

आणि परिषद? सरांना कळव की आत्ता काही सांगता येत नाही. आई हो म्हणाली तर तू बोल. ती स्वतः यायला तयार झाली तर तिला स्टेजवर बसव, माइक तिच्या हातात दे आणि तू तिच्या शेजारी कागद धरून उभी राहा. नाही म्हणाली तर त्या दिवशी तू प्रेक्षकांत बसायचं. भाषण नसलं तरी चालेल.

हे तुझ्यापर्यंत पोचेल तेव्हा घट बसलेले असतील. दसरा झाला की टोळी निघेल, आई कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात जाईल आणि पेटीला पुन्हा कुलूप लागेल. म्हणून या शनिवारची पहिली गाडी पकड. परीक्षा असली तरी, भाऊ दारात उभा राहिला तरी. जेवणं झाली की तिला म्हण, आई, ते कागद काढ, मी तुला वाचून दाखवते. तारखेपासून सुरू कर. इंग्रजी शब्द आला की थांब आणि मराठीत सांग. कळत नसेल तो शब्द कळत नाही म्हण, खूण करून ठेव, पुण्यात कुणाला तरी विचार. घाई करू नकोस. मध्येच ती काही बोलायला लागली, तर कागद खाली ठेव.

– तुझी ताई