नावं पाठ करण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

भ्रूणात चेतातंतू आपली वाट कशी शोधतात, यावरचं तुझं टिपण दोनदा वाचलं. नेट्रिन, स्लिट, सेमाफोरिन, एफ्रिन, सगळे रेणू हजर आहेत. कोण अक्षतंतूला, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्याला, जवळ ओढतो, कोण दूर लोटतो, तेही बिनचूक आहे. चेतानलिकेच्या, म्हणजे भ्रूणातल्या ज्या नळीतून मेंदू आणि मेरुरज्जू घडतात तिच्या, आतल्या कडेला पेशी विभागतात आणि नव्या चेतापेशी रेडियल ग्लिया या लांबट पेशींच्या आधाराने बाहेर सरकतात, तो भाग तर छानच उतरलाय. पण यातलं प्रत्येक विधान कशावरून खरं मानायचं, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस. विकासाच्या जीवशास्त्रात पीएचडी करायची असेल तर हीच सवय आधी लावून घे.

त्यासाठी एक जुना वाद नीट वाच. एकोणिसाव्या शतकात प्रश्न होता, चेतापेशीपासून स्नायूपर्यंत जाणारा लांबलचक तंतू येतो कुठून? हेन्सन यांच्या मते पेशी विभागताना त्यांच्यात जीवद्रव्याचे पूल मागे राहतात आणि तंतू त्यांतूनच घडतो. काहींना वाटायचं, वाटेवरच्या पेशी साखळीसारख्या जुळून तो बनतो. हिस आणि काहाल म्हणत होते की तो एकाच पेशीतून फुटतो आणि पुढे वाढत जातो. काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात तंतूच्या टोकाचा फुगीर भाग, म्हणजे ग्रोथ कोन, दाखवलासुद्धा. तरी वाद मिटेना, कारण ती मेलेली, रंगवलेली ऊती होती. स्थिर चित्रात वाढ दिसत नाही, तिचा अंदाज करावा लागतो.

१९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातून चेतानलिकेचा तुकडा काढला, तोही तंतू फुटायच्या आधीच्या अवस्थेतला. बेडकाच्याच लसिकेच्या (लिंफच्या) थेंबात तो कव्हरस्लिपवर ठेवला. लसिका गोठल्यावर कव्हरस्लिप खोलगट काचपट्टीवर उलटी टेकवून कडा पॅराफिनने बंद केल्या आणि जिवंत पेशींवर नजर ठेवली. तंतू फुटले. टोकाशी सारखी हालचाल करणारे बारीक धागे बाहेर काढत, आत ओढत ते गोठलेल्या लसिकेत पुढे सरकू लागले. तिथे आधीचा पूल नव्हता, वाटेवर पेशींची साखळी नव्हती. या प्रयोगाची रचना मला आजही थक्क करते. विरोधकांना जे जे लागत होतं ते सगळं त्यांनी काढून टाकलं आणि तरीही तंतू वाढतो का, एवढंच पाहिलं. पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र यातूनच उभं राहिलं.

मग तंतूला वाट कशी सापडते, हा प्रश्न उरला. रॉजर स्पेरी यांनी १९४० च्या दशकात न्यूट या पालीसारख्या उभयचराची दृष्टिचेता, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी चेता, कापून डोळा १८० अंशांत फिरवला. उभयचरांत ही चेता पुन्हा वाढते. दृष्टी परतली, पण उलटी: भक्ष्य वर असलं की प्राणी खाली झेप घ्यायचा, आणि ते कधीच सुधारलं नाही. तंतू अनुभवातून शिकले नव्हते. ते मेंदूतल्या आपापल्या जुन्या ठिकाणी परतले होते. स्पेरी यांनी यावरून रासायनिक खुणांची कल्पना मांडली. दृष्टिचेतेच्या बाबतीत त्या खुणांपैकी एफ्रिन हाती यायला १९९५ उजाडलं.

आता तुझ्या आवडत्या नेट्रिनकडे येऊ. टेसिए-लाविन्य यांच्या गटाने १९९४ मध्ये ते कोंबडीच्या सुमारे २५,००० भ्रूणांच्या मेंदूंतून वेगळं केलं. मेरुरज्जूच्या तळाशी असलेला फ्लोअर प्लेट हा पट्टा नेट्रिन सोडतो आणि दूरच्या तंतूंना मध्यरेषेकडे बोलावतो, हे चित्र पाठ्यपुस्तकात गेलं. तूही तेच काढलंयस. पण २०१७ मध्ये दोन गटांनी उंदरांत फक्त फ्लोअर प्लेटमधलं नेट्रिन काढून पाहिलं, आणि तंतू बऱ्याच अंशी मध्यरेषेपर्यंत पोचले. उलट चेतानलिकेच्या आतल्या कडेच्या पेशींमधलं नेट्रिन काढल्यावर ते भरकटले. नंतरच्या कामात फ्लोअर प्लेटचाही वाटा असल्याचं दिसलं. म्हणजे रेणू खरा, त्याचं महत्त्वही खरं. पण तो कुठून येतो आणि किती लांबून काम करतो, याचं उत्तर इतक्या वर्षांनी बदललं. हे तुझ्या टिपणात यायलाच हवं.

मोठ्या प्रयोगशाळेची वाट बघत थांबू नकोस. तुमच्या विभागात इन्क्युबेटर आणि फेज काँट्रास्ट सूक्ष्मदर्शक आहे, तेवढं पुरे. मार्गदर्शकांची परवानगी घे. कोंबडीच्या आठ दिवसांच्या भ्रूणातून पाठीच्या मुळांजवळच्या चेतागंडिका काढायला शीक. लॅमिनिन या प्रथिनाचा लेप दिलेल्या दोन डिश घे. एकीत एनजीएफ, म्हणजे चेतातंतूंची वाढ घडवणारं प्रथिन, घाल, दुसरीत नको. दुसऱ्या दिवशी पहिल्या डिशमध्ये गंडिकेभोवती तंतूंचं दाट वलय दिसायला हवं. असंच वलय रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांनी पाहिलं होतं, आणि त्या शोधाला १९८६ चं नोबेल मिळालं. मग एकच ग्रोथ कोन निवड आणि तासभर त्याच्याजवळ बस. दर पाच मिनिटांनी हाताने चित्र काढ. कॅमेरा असला तरी काढ. तो कुठे थबकतो, कधी दोन फाटे फोडून एक मागे घेतो, हे टिपून ठेव, आणि वहीत ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’ असे दोन वेगळे रकाने ठेव.

चित्रं मला पाठव. आणि अंडी किराणा दुकानातून आणू नकोस, ती फलित नसतात, हॅचरीतून माग.

तुझी,
मॅडम