शालेय मुलांचा पहिला जिओकॅश: जागा आणि देखभाल

सर, मुलांना जिओकॅश, म्हणजे इतरांनी जीपीएसच्या मदतीने शोधून काढायचा डबा, लपवायचा आहे; पण डबा लपवणे हे एका दुपारचे काम आहे. तो सांभाळणे हेच खरे काम, म्हणून दहावीनंतर मुले शाळा सोडतील तेव्हा देखभाल कोण पाहील, हे आधी ठरवावे आणि जिओकॅशची नोंद असलेले संकेतस्थळावरचे खाते शिक्षकाकडेच ठेवावे. मुलांना पन्हाळ्याचा मोह होईलच, परंतु गड संरक्षित स्मारक असल्याने तेथील तटबंदीत काहीही खोचू नये. पंचगंगेचा काठही टाळावा, कारण २०१९ किंवा २०२१ सारखा महापूर आला तर डबा उरणार नाही. शाळेपासून चालत जाता येईल आणि मालकाने परवानगी दिली असेल, अशीच जागा निवडावी. दुसऱ्या जिओकॅशपासून किमान १६१ मीटर अंतर राखावे आणि डबा जमिनीत पुरू नये.

आपल्याकडचा पाऊस पाहता मिठाईचा डबा निरुपयोगी ठरतो. रबरी कडा असलेला, घट्ट बसणारा डबा घ्यावा, शोधणाऱ्यांनी नाव लिहायची नोंदवही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी आणि सोबत पेन्सिलच द्यावी, कारण ओलाव्याने शाई पसरते. खाऊ ठेवल्यास मुंग्या लागतात. डब्यावर ‘जिओकॅश’ असे ठळक लिहावे, म्हणजे कोणी बेवारस वस्तू समजून पोलिसांना बोलावणार नाही. जूनपूर्वी डब्याची रबरी कडा तपासावी, पावसाळ्यानंतर वही बदलावी. शोधणाऱ्याने डबा ओला असल्याचे कळवले, तर त्याच आठवड्यात दोन मुलांना पालकांसह पाठवावे.