नाव कोरायचंच

आरती साहा या पोहणाऱ्या बाईवर तू केलेलं चांदीच्या पेंडंटचं डिझाईन बघितलं आणि खाली लिहिलेला प्रश्नही वाचला, की काका, तिचं नाव ठेवू का काढू. फोनवर बोललो असतो तर रागावलो असतो, म्हणून लिहितोय.

काढायचं नाही. नाव कोरायचंच.

लाट, सूर्य आणि खाली इंग्रजीत हार मानू नकोस टाईपचं वाक्य, असलं पेंडंट कुणाचंही होऊ शकतं, म्हणजे ते कुणाचंच नाही. तुला शोरूमवाल्यानं सांगितलं की आरती साहा कोण हे गिऱ्हाईकाला माहीत नसतं. अगं, माहीत नाही म्हणूनच तर करायचं ना! माहीत असतं तर तुझी गरज काय होती?

आणि त्यात पाण्यावर पसरलेले लांब केस का काढलेस? इंग्लंड आणि फ्रान्समधला समुद्र, म्हणजे इंग्लिश चॅनेल, पोहणारी माणसं टोपी घालून, अंगाला ग्रीस चोळून उतरतात, वाटेत बोटीला नुसता हात लागला तरी बाद. हे तुला माहीत आहे, तू स्वतः पोहतेस. मग सिनेमातली बाई कशाला? आरती कोलकात्याची, जन्म १९४०, १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये उतरली तेव्हा जेमतेम ११ वर्षांची होती. २७ ऑगस्ट १९५९ ला पहिल्यांदा इंग्लिश चॅनेलमध्ये उतरली आणि इंग्लंडचा किनारा काही मैलांवर राहिला असताना उलट्या प्रवाहापुढे थांबावं लागलं. हरिपूरला वारणा मिळते तिथं कृष्णा कशी ओढते ते तू अंगावर घेतलंयस, चॅनेलमध्ये तर भरती-ओहोटीनं दर सहा-एक तासांनी प्रवाहच दिशा बदलतो. तरी ३३ दिवसांनी, २९ सप्टेंबरला, फ्रान्सच्या केप ग्री-नेवरनं पुन्हा उतरली आणि १६ तास २० मिनिटांनी इंग्लंडच्या सँडगेटला लागली. सरळ रेषेत अंतर २१ मैल, प्रवाहानं फिरवत फिरवत ४२ मैल पोहायला लावले. वय १९, पाचच दिवसांपूर्वी वाढदिवस झालेला. हे अंतर पार करणारी आशियातली पहिली बाई. १९६० ला पद्मश्री मिळाली. एवढं सगळं असताना तू लाट काढतेस?

पुढच्या बाजूला नाव, देवनागरीत. मागं दोन्ही तारखा, २७ ऑगस्टचीसुद्धा. ती वगळलीस तर पोरींना वाटेल एका दमात झालं.

आता कामाचं. दोन्ही बाजूंनी कोरायचं तर पत्रा पातळ घेऊ नकोस, दीड मिलिमीटर तरी पाहिजे. चांदी ९२.५ चीच. 'आरती'ची वेलांटी उथळ कोरलीस तर पॉलिशलाच निम्मी जाते, म्हणून तिथं कोरणी जरा दाबून, पण एका झटक्यात नाही, दोन-तीनदा फिरवून. मग काळं कर आणि वरनं पॉलिश मार, रेघेतलं काळं तसंच राहतं आणि अक्षर उठून दिसतं. मशीननं कोरलं तरी माझी हरकत नाही. नाव पाहिजे.

मी इतका हट्ट का धरतोय सांगतो. मला ज्यांनी हे काम शिकवलं त्यांच्या हातचे दागिने सांगलीतल्या कितीतरी घरात असतील. शिक्का मात्र पेढीचा. हॉलमार्क चांदी-सोनं किती शुद्ध ते सांगतो, घडवलं कुणी ते सांगत नाही. ते गेल्यावर त्यांची मुलगी माझ्याकडं आली, बाबांच्या हातचं एखादं काही दाखवा म्हणाली आणि मला खात्रीनं बोट ठेवता येईल असा एक दागिना सापडला नाही. ते अजून सलतं. त्यानंतर मी माझ्या कामावर मागच्या बाजूला बारीक खूण करायला लागलो. एका पेढीनं ते चालणार नाही म्हणून सांगितलं, मी त्यांचं काम सोडलं. हेकट म्हणाले लोक, घरात वर्षभर ओढाताण झाली. होऊ दे. मी बरोबर होतो, आजही तेच करीन. चांदी वितळवली की कुणाचीही होते गं, नाव असेल तर निदान वितळवणारा क्षणभर थांबतो.

म्हणून तुझीही खूण टाक, कडीजवळ, छोटी. लाजू नकोस.

एक मात्र आधी कर. विकायला ठेवायच्या अगोदर तिच्या घरच्यांचा पत्ता काढून पत्र पाठव, परवानगी माग. दुसऱ्याचं नाव वापरतोय आपण, विचारायला पाहिजे. तोवर विक्री नको, तलावावरच्या तुझ्या मैत्रिणींसाठी चार-पाच कर आणि त्यांच्या गळ्यात घाल. पोहताना काढून ठेवायला सांग, क्लोरीननं चांदी काळवंडते.

परवडणार नाही असं लिहिलंयस. पहिल्या चार-पाचांचा पत्रा माझ्याकडनं घेऊन जा, पैशाचं नंतर बघू. शुक्रवारी दुपारनंतर ये, दुकान रिकामं असतं. आणि अक्षरं कागदावर काढून आण, दोनदा तपासून. साहा, शहा नव्हे. आपल्याकडं हात आपोआप शहा लिहितो.