‘बेशिस्त’मधला ‘बे’ आणि ‘बेचाळीस’मधला ‘बे’ एकच का?

नाही, दोन्ही पूर्ण वेगळे आहेत.

‘बेचाळीस’मधला ‘बे’ म्हणजे दोन. संस्कृत ‘द्वि’पासून प्राकृतातून आलेला. ‘बे एके बे’ म्हणतो तोच, आणि गुजरातीत आजही दोनला ‘बे’च म्हणतात.

पुण्यात गल्लोगल्ली ‘बेशिस्त पार्किंग करू नये’ अशा पाट्या दिसतात, तिथला ‘बे’ फारसीतला. अर्थ ‘शिवाय’, ‘नसलेला’. बेइमान, बेवारस, बेकायदा हे शब्द जवळजवळ तयार स्थितीतच आले. ‘बेफाम’ मला विशेष आवडतो: त्यातलं ‘फाम’ म्हणजे अरबी ‘फहम’, समज. म्हणजे बेफाम गाडी चालवणारा हा मुळात ‘समज सुटलेला’!

खरी गंमत पुढे आहे. मराठीने हा उपसर्ग नुसता उसना ठेवला नाही, आपल्या शब्दांनाही लावला. बेचव, बेसूर, बेभान. भान आणि सूर संस्कृतातून आलेले, पण जोड कुठे खटकत नाही. ‘बेधुंद’मध्ये तर नकार उरलेलाच नाही. धुंद आणि बेधुंद यांत फरक फक्त जोराचा.

मंडईत बेदाणे घेताना हेही आठवा: फारसी ‘बे-दाना’, म्हणजे बी नसलेला. शब्द इतका मुरलाय की त्यात उपसर्ग आहे हे जाणवतही नाही.

एका ठिकाणी मात्र फसू नका. ‘बेलाशक’मध्ये हा ‘बे’ नाही. तो अरबी ‘बिला शक’, शंकेविना.